सतरा नंबरचा विसार

पैसे साठवणं हाच अवघड भाग असतो, असं उज्वलाला वाटायचं. नाशिकजवळ मखमलाबादला तिचं लग्नमंडपाच्या फुलसजावटीचं काम होतं. नवरा वाल्मीक छोट्या टेम्पोतून फुलं आणायचा आणि ती चार बायका हाताशी घेऊन स्टेज उभं करायची. आठ लग्नसराया मिळून साडेतीन लाख बाजूला पडले, तेव्हा तिचा मावसभाऊ राज घरी येऊन बसला. राज दोन वर्षांपासून प्लॉटच्या दलालीत होता.

"ताई, बँकेत ठेवून काय मिळतंय? सिंहस्थाच्या आधी एक प्लॉट धर. दोन वर्षांत दुप्पट नाही झाले तर मला विचार."

आडगावच्या पलीकडे, हायवे सोडून दोन किलोमीटर आत, पुंजाशेठ नावाच्या माणसाने आपल्या शेताचे प्लॉट पाडले होते. त्यातला सतरा नंबर अठरा लाखांना ठरला. उज्वलाने तीन लाख विसार दिला. बाकीचे पैसे कर्ज काढून तीन महिन्यांत द्यायचे आणि खरेदीखत करून घ्यायचं, अशी बोली झाली. विसारपावतीवर सह्या झाल्या त्या दिवशी राजने पेढे आणले होते.

सत्तावीस दिवसांनी बँकेने कर्जासाठी जागेचे फोटो मागितले. उज्वला स्कूटी घेऊन एकटीच गेली. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांचे फोटो काढताना तिला मधोमध एक लाकडी खुंट दिसला. डोक्याला लाल रंग लावलेला. पुढे दहा-बारा पावलांवर दुसरा, त्याच्यापुढे तिसरा. एका ओळीत सहा खुंट होते आणि ती ओळ सतरा नंबरमधून तिरपी निघून पुढच्या प्लॉटांत शिरत होती. तिला वाटलं, पाण्याच्या पाइपलाइनसाठी असतील. तिने त्यांचेही फोटो काढले.

शेजारच्या पेरूच्या बागेतून एक म्हातारा बांधावर आला. त्याचं नाव झिपरू. बाग त्याचीच होती.

"ताई, कशाचे फोटो काढून राहिल्या?"

"आमचा प्लॉट आहे हा, बाबा. सतरा नंबर."

झिपरूने तिच्याकडे पाहिलं, मग खुंटांकडे पाहिलं. "मंग तुमचा तर अर्धा रस्त्यातच गेला की."

"कसला रस्ता?"

"नवा मोठा रस्ता निघतोय ना. मागल्या पंधरवड्यात मोजणीवाले आले होते. तेंचेच हायेत खुंट. पुंजाशेठ सोता उभा होता की इथं, तुम्हाला सांगितलं नाय?"

उज्वला तशीच शहरात आली आणि नगररचना कार्यालयात गेली. दीड तास थांबल्यावर तिथल्या बाबूने एका मोठ्या नकाशावर पेन्सिल फिरवली. "हे अंतिम नाही. सर्व्हे चालू आहे, लेखी काही मिळणार नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पण तुमच्या जागी मी असतो ना मॅडम, तर खरेदी थांबवली असती. एकदा नोटीस निघाली की तो प्लॉट कोणी हातात धरणार नाही."

राजच्या ऑफिसात ती पोचली तेव्हा तो फोनवर होता. तिचा चेहरा बघून त्याने फोन ठेवला.

"तुला माहीत होतं?" उज्वलाने विचारलं.

"आठ दिवसांपूर्वी कळलं, ताई. आईशप्पथ, विसार देताना माहीत नव्हतं."

"आणि आठ दिवस गप्प बसलास?"

"सांगून तू काय केलं असतंस? रडली असतीस. मी मार्ग काढत होतो." त्याने दार लोटून घेतलं. "हे बघ, पुंजाशेठ पैसे परत देणार नाही. घेणाऱ्याने माघार घेतली तर विसार बुडतो, पावतीतच लिहिलंय. पण नोटीस निघालेली नाही. म्हणजे अजून कोणाला काही माहीत नाही. आपण विसार फिरवायचा. तुझ्या जागी दुसरी पार्टी बसवायची. तिच्याकडून चार लाख घ्यायचे, तुझे तीन परत आले, वर एक लाख. पुंजाशेठची संमतीची सही मी आणतो."

"आणि ती पार्टी?"

"ताई, या धंद्यात जागा कोणाकडेच कायमची नसते. वेळेत बाहेर पडायचं असतं, बस. पार्टी तयार आहे. रविवारी जागा बघायला येतील."

संध्याकाळी तिने वाल्मीकला सगळं सांगितलं. तो टेम्पोतून झेंडूच्या रिकाम्या पाट्या उतरवत होता. रिकाम्या पाट्या एकात एक घालत राहिला. टेम्पोचे हप्ते अजून चौदा महिने होते आणि तीन लाख म्हणजे काय, हे दोघांनाही सारखंच माहीत होतं.

"घेणारा कोण आहे?" शेवटी त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"मग माहीत करून घेऊ नको," वाल्मीक म्हणाला आणि पाट्या घेऊन आत गेला.

रविवारी सकाळी दहा वाजता उज्वला प्लॉटवर पोचली. राज आधीच आलेला होता. घेणारे नवरा-बायको रिक्षातून उतरले. लहानूकाका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर एकतीस वर्षं काम करून मे महिन्यात निवृत्त झाले होते. क्वार्टर सोडायची मुदत जवळ आली होती. बायको चंद्रभागा नांदगावकडची, ठेंगणी, झपझप चालणारी. तिने उज्वलाला बघून हसत विचारलं, "तुम्हीच का मालकीण?"

उज्वला "हो" म्हणाली आणि तिची नजर जमिनीवर गेली. एकही खुंट जागेवर नव्हता. जिथे होते तिथली माती सारखी करून वर पायाने दाबली होती. राजचे पांढरे बूट घोट्यापर्यंत काळ्या मातीने भरलेले होते.

लहानूकाकांनी खिशातून मोजपट्टी काढली. एक टोक राजच्या हातात दिलं आणि स्वतः पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. आकडे मोठ्याने म्हणत होते. चंद्रभागा उज्वलाजवळ उभी राहिली.

"इकडं राख येत नसंल ना?" तिने विचारलं.

"राख?"

"आमच्याकडं लय राख. सकाळी पांढरं धोतर वाळत घातलं की दुपारी करडं. एकतीस वर्सं मी कपडे झटकूनच आत घेतले बघा." ती पूर्वेकडे बोट दाखवत म्हणाली, "दोरी तिकडं बांधीन. ऊन बी हाय, वारा बी हाय."

ती जिथे बोट दाखवत होती, बरोबर तिथूनच खुंटांची ओळ गेली होती.

बांधापलीकडे झिपरू उभा होता. किती वेळ होता कोण जाणे. त्याने हातातला विळा खाली ठेवला आणि बांधाकडे चालायला लागला. राजनेही त्याला पाहिलं. मोजपट्टी टाकून तो भराभर बांधावर गेला, झिपरूच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बोलत बोलत बागेत परत घेऊन गेला. दोघं झाडांआड गेले. राज एकटाच बाहेर आला, रुमालाने तोंड पुसत.

"म्हाताऱ्याला पेरू विकायचे होते," तो हसून म्हणाला.

लहानूकाका मोजपट्टी गुंडाळत उज्वलासमोर येऊन थांबले. "बाई, एक इचारू का? राग नका मानू. एवढी चांगली जागा तुम्ही सोडता कशापायी?"

राजने तोंड उघडलं होतं, पण काका उज्वलाकडेच बघत होते. म्हणून तिलाच बोलावं लागलं.

"घरात जरा अडचण आली, काका."

"आजारपण?"

"हो," उज्वला म्हणाली.

"बरं होईल," चंद्रभागा म्हणाली आणि तिच्या दंडावर हात ठेवला.

जाताना झिपरू बांधावर पुन्हा उभा होता. उज्वलाने त्याच्याकडे न बघता स्कूटी काढली.

कागद दुपारी तीनला करायचे होते. सीबीएस बसस्थानकाजवळ एका अरुंद जिन्यावर ॲडव्होकेट रूपाली यांचं ऑफिस होतं. रविवार असूनही राजने त्यांना विनंती करून बोलावलं होतं. खोलीत एक टेबल, पाच खुर्च्या आणि मोठा आवाज करणारा पंखा. पुंजाशेठने सकाळीच संमतीची सही करून पाठवली होती. लहानूकाकांनी कापडी पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यातून चेकबुक काढलं. फंडाचे पैसे होते ते.

रूपालीताई दस्त वाचू लागल्या. त्या भरभर वाचत होत्या, पण स्पष्ट. पहिल्या पानावर नावं आणि पत्ते, दुसऱ्यावर जागेचं वर्णन आणि पैशांचा तपशील. तिसऱ्या पानावर त्यांनी वाचलं, "सदर मिळकत कोणत्याही रस्त्याच्या, आरक्षणाच्या अथवा भूसंपादनाच्या क्षेत्रात येत नाही, याची लिहून देणार यांना खात्री असून तशी हमी त्या लिहून घेणार यांना देत आहेत."

"हमी म्हंजे काय वो?" चंद्रभागाने विचारलं.

"म्हणजे पुढे तसं काही निघालं तर या ताई जबाबदार."

चंद्रभागा उज्वलाकडे वळून म्हणाली, "मंग झालं. बाईमाणूस कशाला खोटं बोलंल?"

लहानूकाकांनी चष्मा लावला आणि चेकवर आकडा लिहिला. अक्षरी लिहिताना त्यांनी प्रत्येक अक्षर कोरून काढलं. राजने उज्वलापुढे कागद सरकवले आणि पेन दिलं.

तिने पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्या पानावर केली. तिसरं पान समोर आलं आणि तिने पेन टेकवलं, पण हात पुढे जाईना. शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला. राजने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला.

"ताई, सही."

"हे वाक्य खरं नाही," उज्वला म्हणाली.

रूपालीताईंनी मान वर केली. राज जोरात हसला. "ताईला सकाळपासून उन्हाचा त्रास होतोय. पाणी घे ताई."

"सतरा नंबरमधून रस्ता जातोय," उज्वला लहानूकाकांकडे बघत म्हणाली. "खुंट ठोकले होते. आज सकाळी काढून टाकले. मी ऑफिसात जाऊन नकाशा बघितलाय. अजून पक्कं नाही, पण निम्मा प्लॉट जाणार असं म्हणतात. घरात कोणी आजारी नाही."

मग राज उठून उभा राहिला. त्याची खुर्ची मागे भिंतीवर आदळली.

"तुला कळतंय का तू काय केलंस? तीन लाख! स्वतःच्या हाताने बुडवलेस! आणि माझं नाव? उद्या मला या लाइनमध्ये कोण उभं करेल?"

"तुम्ही बाहेर थांबा," रूपालीताई त्याला म्हणाल्या. राज दार आपटून गेला. जिन्यावर त्याचे बूट बराच वेळ वाजले.

लहानूकाकांनी चेक फाडून चार तुकडे केले आणि तुकडे चेकबुकाबरोबर पिशवीत ठेवले. मग चष्मा काढून ते उज्वलाला म्हणाले, "सकाळी मी तुम्हाला तोंडावर इचारलं होतं."

"हो, काका."

"तवा काय झालं होतं?"

उज्वलाने पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं. तिने आभार मानले जातील अशी अपेक्षा केली नव्हती, तरी त्या नजरेला तिला नजर देता आली नाही. चंद्रभागा उठली, पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या मागोमाग बाहेर गेली. तिने वळून पाहिलं नाही.

उज्वलाही उठायला लागली, तेव्हा रूपालीताई म्हणाल्या, "बसा. तुमची स्वतःची विसारपावती आणलीय का? पुंजाशेठबरोबरची?"

ती पर्समध्ये होती. रूपालीताईंनी ती उघडली आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "वाचलंत कधी?"

उज्वलाने वाचलं. रस्ता, आरक्षण, भूसंपादन. शब्दसुद्धा तेच. खाली पुंजाशेठची सही.

"माघार घेतली तर विसार बुडतो, हे कलम खरंय," रूपालीताई म्हणाल्या. "पण तुम्ही माघार घेत नाही आहात. त्यांनी दिलेली हमी खोटी निघालीय. जमिनीवर खुंट होते, हे दाखवू शकाल?"

उज्वलाने फोन काढला. बँकेसाठी काढलेल्या फोटोंत सहाच्या सहा खुंट होते, तारखेसकट.

दुसऱ्या दिवशी ती आणि वाल्मीक पुंजाशेठच्या बंगल्यावर गेले. पुंजाशेठ झोपाळ्यावर बसून होता. त्याने आधी काही ऐकूनच घेतलं नाही.

"कुठले खुंट? जाऊन बघा, एक तरी दिसतो का. सौदा मोडायचा असंल तर मोडा, विसार मिळायचा नाय. कागद वाचता येतो ना?"

"आता येतो," उज्वला म्हणाली आणि फोन त्याच्यासमोर धरला. पुंजाशेठने एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला. झोपाळा थांबला.

"हे कोणाला दाखवलं?"

"वकिलांना. बाकीचे प्लॉट ज्यांनी घेतलेत त्यांना अजून नाही."

"धमकी देता का मला? माझ्या घरात येऊन?" तो उठून उभा राहिला. आतून दोन माणसं बाहेर आली आणि पायरीवर थांबली. उज्वलाने फोन पर्समध्ये टाकला आणि पर्स छातीशी धरली. तेव्हा मागे उभा असलेला वाल्मीक पुढे होऊन समोरच्या खुर्चीवर बसला.

"शेठ, आमची तीन लाखांची ऐपत एकदाच होती," तो शांतपणे म्हणाला. "ती गेली तर आम्हाला घाबरायला काही उरत नाही. मग आम्ही सगळ्यांना सांगत फिरू. बघा तुम्ही."

पुंजाशेठने पैसे दिले, पण सरळ नाही. दीड लाख आठवड्याने, एक लाख वीस हजार दीड महिन्याने, सात खेपा घालायला लावून. तीस हजार त्याने खर्चापोटी ठेवून घेतले आणि उज्वलाने ते सोडून दिले. राजच्या आईने, रंगूमावशीने, त्या दिवाळीला फराळाचा डबा पाठवला नाही.

सात महिन्यांनी राजचा पहिलाच मेसेज आला. एक नकाशा आणि खाली दोन ओळी. रस्त्याची आखणी बदलली होती. रस्ता शंभर-दीडशे फूट पूर्वेला सरकला होता. सतरा नंबर सुटला होता, इतकंच नाही तर आता थेट रस्त्याला लागत होता. पुंजाशेठने तो पस्तीस लाखांना विकला. रस्ता झिपरूच्या पेरूच्या बागेतून जाणार होता.

उज्वलाने फोन वाल्मीकच्या हातात दिला आणि ओट्यावर बसून राहिली. तिला राग आला, राजचा नाही, पुंजाशेठचाही नाही, नुसताच राग. पस्तीसातून अठरा वजा केल्याशिवाय तिला राहवलं नाही. मग तिला लहानूकाकांचा चेक आठवला आणि ती दोन दिवस धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी ती बसने एकलहऱ्याला गेली. क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं होतं. त्यांनी पत्ता दिला. लहानूकाका सामनगावला दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. दार चंद्रभागानेच उघडलं. तिने उज्वलाला ओळखलं, पण "या" म्हणायला थोडा वेळ लावला.

उज्वलाने उभ्यानेच सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळावं, म्हणून आले, असंही सांगितलं. लहानूकाका पलंगावर बसून ऐकत होते.

"म्हंजे तुम्ही सही केली असती," ते सावकाश म्हणाले, "तर आज मी पस्तीस लाखाच्या जागेचा मालक असतो."

"हो, काका."

"आन् रस्ता सरकला नसता तर?" चंद्रभागाने विचारलं. "तर आज कुठं असतो आपण? या भाड्याला तरी पैसे असते का?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. उठले आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

चंद्रभागाने चहा टाकला. उज्वला नको म्हणत होती, पण तिने ऐकलं नाही. "तेंचा राग तुमच्यावर नाय," ती गॅसकडे बघत म्हणाली. "सोतावर हाय. दोन डाव जागा मोजली, पण खाली माती उकरलेली दिसली नाय. एवढी वर्सं पट्ट्यावर नजर ठेवली माणसानं, आन् पायाखालचं सुटलं. तेच खातंय तेंना."

"चूक माझी होती, काकू. त्या सकाळी तुम्ही माझ्या दंडाला हात लावलात, तेव्हाच मी सांगायला हवं होतं."

"पायजेच होतं," चंद्रभागा म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही. मग कप पुढे केला. "पण त्या वकीलबाईसमोर तुमचं पेन थांबलं नसतं, तर आज तुम्ही इथं आला नसता. आन् मला आयुष्यभर वाटलं असतं की एका बाईनं मला फसवलं. प्या, थंड होतोय."

उज्वलाने चहा घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते चंद्रभागाने पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. मागच्या अंगणात लहानूकाका एकटेच उभे होते. उज्वला निघाली तेव्हा ते घराला वळसा घालून पुढे आले आणि तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे रिक्षावाल्याला त्यांनी हात केला आणि तिला म्हणाले, "नाशिकरोडला उतरा. तिथून शहराची बस लवकर मिळते."